लाकडी खिडक्या बदलायच्या, ब्लाइंड मात्र तेच ठेवायचे

खिडकी बदलायची म्हटलं की फॅब्रिकेटर टेप घेऊन थेट खिडकीकडे जातो. ब्लाइंड तेच ठेवायचे असतील, तर त्याला थांबवा आणि आधी ब्लाइंड मोजायला लावा. नवी खिडकी हव्या त्या मापाची करून मिळते. जुना ब्लाइंड एक सूतही वाढत नाही. म्हणून सगळं गणित ब्लाइंडपासून सुरू करून भिंतीकडे न्यायचं, उलटं नाही.

नाशकातल्या कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड या भागांतल्या १९७०-८०च्या दशकातल्या बंगल्यांत आणि जुन्या अपार्टमेंटमध्ये हा प्रश्न हमखास येतो. सागवानी चौकट, बाहेर उघडणाऱ्या झडपा, चौकटीतच ओवलेले लोखंडी गज, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेनं बसवलेले रोलर (कापड गुंडाळणारे) किंवा व्हेनेशियन (आडव्या पट्ट्यांचे) ब्लाइंड. पावसाळ्यात झडपा फुगतात, खालचं आडवं लाकूड कुजतं, वाळवी लागते. ब्लाइंड मात्र ठणठणीत असतो.

चौकट निघाली की तीन गोष्टी एकदम बदलतात. ब्लाइंडचे स्क्रू ज्या लाकडात होते ते लाकूडच जातं. गाळ्याची रुंदी बदलते. आणि नवी चौकट भिंतीच्या जाडीत वेगळ्या जागी बसते, त्यामुळे ब्लाइंडसाठी भिंतीच्या जाडीत उरणारी खोली (डेप्थ) कमी-जास्त होते. पुढचा सगळा लेख या तिन्हींचा हिशेब आहे. ‘गाळा’ म्हणजे चौकट काढल्यावर भिंतीत उरणारी मोकळी जागा, आणि ‘बगल’ म्हणजे त्या गाळ्याची खोलीच्या बाजूला दिसणारी आतली कड, एवढं लक्षात ठेवून वाचा.

बदलायची गरज आहे का, हे आधी बघा

टोकदार पेचकस चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात दाबून पाहा. ५-६ मिमीच्या आत अडकला तर लाकूड शाबूत आहे. झडपा रंधून, बिजागऱ्या बदलून काम भागतं. लोण्यासारखा आत गेला तर चौकट गेली. पंचवटी किंवा जुन्या नाशकातल्या वाड्याची कोरीव सागवानी खिडकी असेल तर ती शक्यतो काढूच नका. कुजलेला तुकडा कापून तिथे सागाचाच जोड देणारे सुतार अजून मिळतात, आणि असं लाकूड आता नव्यानं मिळत नाही.

वाड्यांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. तिथे खिडकीच्या वर काँक्रीटचं लिंटेल नसून लाकडी तुळई असते, आणि ती खचली असेल तर भार चौकटीनं पेललेला असतो. झडप वरच्या बाजूला घट्ट अडकते, वरच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेलेल्या दिसतात. असं असेल तर लोखंडी जॅकचे टेकू दिल्याशिवाय आणि इंजिनिअरला दाखवल्याशिवाय चौकटीला करवत लावायची नाही.

ब्लाइंडची जन्मपत्रिका

प्रत्येक खिडकीला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक ब्लाइंडच्या पट्टीवर मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहा. मग ही मापं कागदावर घ्या, सगळी मिमीमध्ये: ब्रॅकेटच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या ब्रॅकेटच्या बाहेरच्या कडेपर्यंतची एकूण रुंदी, कापडाची किंवा पट्ट्यांची रुंदी, पूर्ण सोडल्यावरची लांबी, ब्रॅकेटची भिंतीपासूनची खोली, आणि साखळी कोणत्या बाजूला. रोलर ब्लाइंडचं कापड एकूण रुंदीपेक्षा साधारण ३०-३५ मिमीनं कमी असतं, हा फरक विसरून कापडाचंच माप दिलं तर सगळं चुकतं. सुतार आणि गवंडी इंच-सुतात बोलतात (८ सूत म्हणजे १ इंच, एक सूत म्हणजे सुमारे ३.२ मिमी), खिडकीवाला मिमीमध्ये. दोघांना एकाच कागदावर, एकाच एककात माप द्या.

आता ब्लाइंड कुठे बसवलाय ते पाहा. तीन शक्यता आहेत.

गाळ्याच्या बाहेर, भिंतीवर बसवलेला असेल तर तुम्ही सुदैवी. असा ब्लाइंड गाळ्यापेक्षा दोन्हीकडे ५०-७५ मिमी जास्त रुंद असतो, त्यामुळे गाळा २०-३० मिमीनं इकडे-तिकडे झाला तरी काही बिघडत नाही. फक्त नव्या खिडकीचं हँडल भिंतीच्या पुढे येत नाही ना, एवढं पाहायचं.

बगलांच्या मध्ये, म्हणजे भिंतीच्या जाडीत बसवलेला असेल तर रुंदी आणि खोली दोन्ही जपावी लागतात. खरी कसोटी इथे आहे.

तिसरा प्रकार नाशकातल्या जुन्या घरांत सर्वांत जास्त दिसतो: थेट लाकडी चौकटीवर स्क्रूनं मारलेला. चौकट गेली की याला आधारच उरत नाही. नव्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या) चौकटीत स्क्रू मारायचा मोह टाळा. तिच्या आत पोकळ कप्पे असतात, काहींतून पाणी वाहून जायची सोय असते. भोक पडलं की पाणी घरात येतं आणि कंपनी वॉरंटी नाकारते. ॲल्युमिनियमच्या पातळ सेक्शनमध्ये मारलेला स्क्रू साखळीच्या रोजच्या ओढीनं सैल होतो. याचा उपाय पुढे आहे.

खोलीचा हिशेब

नऊ इंची विटांची भिंत म्हणजे २३० मिमी. आत १२ आणि बाहेर २० मिमी प्लास्टर धरलं तर एकूण जाडी सुमारे २६० मिमी. दोन काचा आणि एक मच्छरजाळी अशा तीन ट्रॅकच्या स्लायडिंग खिडकीची चौकट कंपनीनुसार ९० ते ११५ मिमी जाड असते; १०० धरू. बाहेरच्या बाजूला पाणी उतरायला ६० मिमी दगडी पाटली (खिडकीखालची आडवी पट्टी) सोडली, तर आत उरले २६० − ६० − १०० = १०० मिमी. रोलर ब्लाइंडला ६०-७० मिमी पुरतात, म्हणजे तो आरामात बसतो. २५ मिमी पट्टीच्या व्हेनेशियनला त्याहून कमी पुरतात. पण १०० मिमीच्या उभ्या पट्ट्यांचा व्हर्टिकल ब्लाइंड असेल, तर पट्ट्या फिरताना पूर्ण १०० मिमी घेतात आणि काचेला किंवा हँडलला घासतात. त्याला १२५-१३० मिमी हवेत, म्हणजे चौकट बाहेर सरकवायची किंवा जाळीचा ट्रॅक सोडून द्यायचा.

साडेचार इंची भिंतीत, बाल्कनी बंद करून केलेल्या खोल्यांत ती सर्रास असते, एकूण जाडीच सुमारे १४५ मिमी. शंभरची चौकट बसली की बगल उरतच नाही. तिथे ब्लाइंड भिंतीवरच घ्यावा लागतो, आणि गाळ्याच्या मापाचा ब्लाइंड भिंतीवर घेतला की दोन्ही कडांनी उजेड आत येतो. झोपण्याच्या खोलीत ते चालणार नसेल, तर तो ब्लाइंड दुसऱ्या लहान खिडकीला वापरा. हे ऑर्डर देण्याआधी ठरवा, नंतर नाही.

कोणती खिडकी घ्यायची

ब्लाइंड ठेवायचा असेल तर स्लायडिंग खिडकी सर्वांत सोयीची: झडप आत-बाहेर कुठेच फिरत नाही, लॉकही फारसं पुढे येत नाही. बाहेर उघडणारी खिडकी हवा जास्त देते आणि घट्टही बंद होते, पण दोन अडचणी आहेत. एक, बाहेर ग्रिल असेल तर झडप उघडायला जागा हवी. दोन, आणि ही अडचण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: झडप बाहेर उघडते म्हणजे मच्छरजाळी आत येते. जाळीची चौकट आत उघडणारी घेतली, तर ती उघडताना प्रत्येक वेळी ब्लाइंडवर आदळते. अशा वेळी गुंडाळणारी किंवा घड्यांची सरकती जाळी घ्या. शिवाय या खिडक्यांचं हँडल ५०-६० मिमी पुढे येतं. वर काढलेल्या हिशेबातून तेवढं वजा करा.

यूपीव्हीसी की ॲल्युमिनियम, यावर वाद घालण्यात फार वेळ घालवू नका. चांगलं बसवलेलं ॲल्युमिनियम हे वाईट बसवलेल्या यूपीव्हीसीपेक्षा केव्हाही बरं. यूपीव्हीसी घेतलं तर आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची पट्टी आहे का, हे कापलेल्या तुकड्यात बघून घ्या. ॲल्युमिनियम घेतलं तर सेक्शनची जाडी विचारा: ४ फुटी खिडकीला १.२ मिमी चालते, त्याहून मोठीला १.५. दोन्हींत एक फरक मात्र बसवताना महत्त्वाचा ठरतो. यूपीव्हीसी उन्हानं जास्त वाढतं. दीड मीटरची चौकट हिवाळ्यातल्या पहाटेपासून एप्रिलमधल्या दुपारपर्यंत, ३० अंशांच्या फरकानं, साडेतीन मिमीच्या आसपास लांब होते. ॲल्युमिनियमची फक्त १ मिमी. यूपीव्हीसी घट्ट ठोकून बसवली की उन्हाळ्यात झडप अडकते ती यामुळे.

पश्चिम आणि नैऋत्येकडच्या खिडक्यांसाठी खालच्या ट्रॅकची आतली कड किती उंच आहे ते पाहा. ताशी ७२ किमी वेगाच्या झोताचा दाब सुमारे २५ मिमी उंचीच्या पाण्याएवढा असतो. म्हणजे असा वारा चालू असेपर्यंत ट्रॅकमधलं पाणी भोकांतून बाहेर न जाता तेवढं वर चढून उभं राहतं. आतली कड २० मिमीची असेल तर ते घरात सांडतं, आणि नेमकं ब्लाइंडच्या खालच्या दांडीवर. वर दीड-दोन फुटी छज्जा असेल तर बराच फरक पडतो.

काच ५ मिमी टफन्ड घ्या. ती एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, म्हणून माप पक्कं झाल्याशिवाय काचेची ऑर्डर जाऊ द्यायची नाही.

गाळ्याचं माप तुमच्या हातात असतं

लाकडी चौकट काढल्यावर गाळ्याला चारही बाजूंनी ग्रॅनाइट, कडप्पा किंवा मार्बलच्या पट्ट्या लावतात आणि त्यात स्लायडिंग बसते. ही पट्टी किती मालावर (सिमेंट-वाळूच्या मिश्रणावर) बसवायची, ते गवंडी डोळ्यानं ठरवतो. तिथेच ब्लाइंडचं नशीब ठरतं.

उदाहरण घ्या. ब्लाइंडची एकूण रुंदी ११५० मिमी. चौकट काढल्यावर वीट ते वीट १२३५ मिमी मिळाले. पट्टी २० मिमी, मागचा माल १५ मिमी, म्हणजे एका बाजूला ३५, दोन्हींचे ७०. उरले ११६५. ब्लाइंड दोन्हीकडे साडेसात मिमी मोकळा राहून सुरेख बसतो. गवंड्यानं माल १५ ऐवजी ३० मिमी भरला, तर उरतात ११३५ आणि ब्लाइंड आत जातच नाही. म्हणून गवंड्याला फक्त ‘पट्ट्या लावा’ असं सांगायचं नाही. ब्लाइंडच्या एकूण रुंदीत १० ते १५ मिमी मिळवून तेवढी एक सरळ लाकडी काठी कापून त्याच्या हातात द्यायची. काठी वर, मध्ये आणि खाली अडकल्याशिवाय फिरली पाहिजे. टेप वाचताना चूक होते, काठी चुकत नाही.

वरच्या पट्टीबाबतही आधी ठरवा. ब्लाइंड छताकडच्या बाजूला, म्हणजे गाळ्याच्या वरच्या भागात स्क्रूनं बसत असेल, तर ग्रॅनाइटची वरची पट्टी भिंतीच्या आतल्या तोंडापर्यंत आणूच नका. आतले ७५-८० मिमी नुसतं प्लास्टर ठेवा. ग्रॅनाइटमध्ये कडेजवळ भोक पाडताना ढलपी उडते; प्लास्टरमागच्या लिंटेलमध्ये ते सोपं जातं.

ऑर्डर देण्याआधी

माप चौकट काढण्याआधी घ्यायचं की नंतर? काढल्यानंतर घेतलेलं खरं असतं, पण तोवर घराला भोक. मधला मार्ग असा: चौकटीच्या चारही बाजूंना, मध्यावर, दोन-दोन इंच प्लास्टर फोडून लाकडाची बाहेरची कड आणि वीट उघडी करा. त्यावरून गाळ्याचा अंदाज ५-१० मिमीच्या आत येतो. बजेट आणि सामान त्यावर ठरवा, आणि काच-चौकट कापण्याचं अंतिम माप पट्ट्या लावून झाल्यावर द्या. मधल्या दिवसांत गाळा १२ मिमी प्लायवूडनं आतून बंद करा.

गजांची गोष्ट विसरू नका. जुने गज चौकटीतच असल्यामुळे तेही चौकटीबरोबर जातात. बाहेरचं ग्रिल आधी बनवून घ्या, म्हणजे चौकट निघाली त्या दिवशीच ते विटांत बसवता येईल. गजांमध्ये ४ इंचांपेक्षा जास्त अंतर नको, आणि एका खोलीत तरी ग्रिलचा उघडणारा भाग ठेवा. सोसायटीत राहत असाल तर बाहेरून दिसणारं रूप बदलण्याआधी लेखी परवानगी घ्या.

चौरस फुटाचा दर सांगितला जातो तेव्हा त्यात काय काय धरलंय, ते लिहून घ्या: काच, जाळी, लॉक, सिलिकॉन, दगडी पट्ट्या, जुनी चौकट काढणं, राडारोडा उचलणं, वरच्या मजल्यासाठी परांची बांधणं. शेवटच्या तीन गोष्टी बहुधा दरात नसतात, आणि वाद तिथेच होतात.

काम ऑक्टोबरच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उरका. जूनचा पहिला जोरदार पाऊस आला आणि गाळा उघडा असला, तर पावसाचं पाणी प्लास्टरच्या मागे शिरतं.

ब्लाइंड उतरवणं

रोलर पूर्ण गुंडाळा, साखळी टेपनं चिकटवा आणि जुन्या चादरीत गुंडाळून आडवा ठेवा; भिंतीला तिरका टेकवला तर नळी वाकते. व्हेनेशियनच्या पट्ट्या बंद करून वर ओढा आणि दोन ठिकाणी नाडीनं बांधा. व्हर्टिकलच्या पट्ट्या सुट्या काढून सैल गुंडाळी करा. घडी घातली तर ती जन्मभर दिसते. बांबूची चिक गच्चीवर झटकून घ्या, नाहीतर तिच्यातली धूळ नव्या खिडकीत येईल. प्रत्येक ब्लाइंडचे ब्रॅकेट आणि स्क्रू त्याच क्रमांकाच्या पिशवीत. हे सगळं तोडफोड सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. विटांची बारीक धूळ एकदा कापडात शिरली की ती धुवूनही निघत नाही.

चौकट काढणं

आधी झडपा. जुन्या स्क्रूच्या खाचेत रंगाचे थर बसलेले असतात. ते टोकदार खिळ्यानं कोरून काढा, पेचकस खाचेत धरून हातोडीचा एक ठोका द्या आणि मग फिरवा. जुन्या रंगाला कोरडा पॉलिश पेपर मारू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांना घातक असते. लाकूड ओलं ठेवून काम करा, मास्क लावा, खोलीचं दार बंद ठेवा.

प्लास्टरवर चौकटीच्या कडेनं ग्राइंडरनं एक रेष कापून घ्या. हे केलं नाही तर चौकट ओढताना हातभर प्लास्टर सोलून येतं. त्याआधी जवळच्या स्विचबोर्डाकडे जाणारी आतली वायर कुठून गेलीय ते शोधा आणि मेन बंद करा.

चौकट अख्खी ओढायची नाही. उभी लाकडं मध्यावर तिरकी कापा, मग वरचं आणि खालचं आडवं. प्रत्येक उभ्या लाकडाला मागे लोखंडी होल्डफास्ट असतात, साधारण तीन, आणि ते विटांमध्ये काँक्रीटच्या गोळ्यात गाडलेले. पहारीनं ओढले तर त्यांच्यासोबत विटा येतात. लाकूड सोडवून घ्या आणि होल्डफास्ट विटेच्या पातळीला ग्राइंडरनं कापून टाका; आतला तुकडा तिथेच राहू द्या. वरच्या आडव्या लाकडाची दोन टोकं, ज्यांना सुतार शिंगं म्हणतात, भिंतीत ३-४ इंच गेलेली असतात. तीही कापून आत सोडली तरी चालतात, पण वाळवी असेल तर पूर्ण काढून वाळवीचं औषध मारा आणि खड्डा १:४ मालानं (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) भरा.

आणि हो, काढलेलं सागवान मजुराला ‘घेऊन जा’ म्हणून देऊ नका. ४ फूट × ४ फूट चौकट, लाकूड ४ × अडीच इंच: १६ फूट घेरात १.१ घनफूट साग असतो, मधला उभा तुकडा धरला तर सुमारे १.४. पाच खिडक्या असतील तर सात घनफूट. जुनं लाकूड घेणारे पैसे देऊन नेतात. त्यातला मधला उभा तुकडा मात्र न कापता, अख्खा स्वतःसाठी ठेवा; तो पुढे लागणार आहे.

पट्ट्या, चौकट, सिलिकॉन

खालची पाटली बाहेरच्या बाजूला उतरती हवी, आणि भिंतीच्या पुढे ४०-५० मिमी बाहेर. तिच्या खालच्या अंगाला कडेपासून आत एक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी तिथून टपकतं, भिंतीवर ओघळत नाही. पट्ट्यांच्या मालावर किमान तीन दिवस पाणी मारायचं. नाशकाच्या कोरड्या मार्च-एप्रिलमध्ये सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, तेव्हा दिवसातून तीनदा.

आता रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत लहान आकडा घ्या. कर्ण दोन्ही मोजा; फरक ५ मिमीपेक्षा जास्त असेल तर गाळा गुण्यात (काटकोनात) नाही, पट्टी सुधारून घ्या. चौकटीचं माप गाळ्यापेक्षा रुंदीत आणि उंचीत १० मिमीनं कमी, म्हणजे प्रत्येक बाजूला ५ मिमी.

चौकट बसवताना खाली आणि बाजूंना प्लास्टिकची पॅकिंग देऊन आधी लेव्हल, मग ओळंबा. अँकर स्क्रू कोपऱ्यापासून १५० मिमीवर पहिला, मग दर ६०० मिमीच्या आत. पॅकिंग स्क्रूच्या जागीच हवी. नसेल तर स्क्रू आवळताना चौकट आत ओढली जाते, मध्ये पोट येतं आणि झडप घासते. खालच्या ट्रॅकमध्ये भोक शक्यतो पाडू नये. पाडलंच तर स्क्रूचं डोकं सिलिकॉननं बंद करावं.

सिलिकॉन दगडाला न्यूट्रल प्रकारचंच वापरा. स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, ते ॲसिडचं असतं आणि मार्बलवर कायमचा डाग पाडतं. आधी धूळ पुसा; धुळीवर मारलेलं सिलिकॉन पहिल्याच पावसात पट्टीसारखं सोलून येतं. मोठ्या फटीत फोम भरायचा झाला तर अर्धीच फट भरा, तो फुगतो आणि चौकट वाकवतो.

सगळ्यांत जास्त होणारी चूक मात्र एकच आहे. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूनं पाणी जायची छोटी भोकं असतात, आणि ‘फिनिशिंग’ करताना कारागीर तीच सिलिकॉननं बुजवतो. पैसे देण्याआधी ट्रॅकमध्ये दोन लिटर पाणी ओता. ते बाहेर गेलं पाहिजे, आत एक थेंबही नाही.

न्हाणीघराची खिडकी बदलत असाल आणि आत गॅस गिझर असेल, तर थांबा. जुन्या झडपांच्या फटींतून हवा येत होती; नवी खिडकी घट्ट बंद होते आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. तिथे कायम उघडी राहणारी जाळी किंवा पट्ट्यांची खिडकीच ठेवा, आणि गिझर बाहेर हलवता आला तर उत्तम.

ब्लाइंड परत बसवणं

घाई इथेच होते. नव्या प्लास्टरमधला ओलावा निघायला पाणी मारणं थांबवल्यावर दोन-तीन आठवडे लागतात. त्याआधी ब्लाइंड बसवला तर कापडाच्या वरच्या कडेला काळे ठिपके येतात. पुट्टी आणि रंग पूर्ण वाळू द्या, मग भोकं पाडा.

चौकटीवर बसणाऱ्या ब्लाइंडसाठी आता ते राखून ठेवलेलं सागवान काढा. त्यातून ५० × २५ मिमीची पट्टी रंधून घ्या, लांबी ब्लाइंडच्या एकूण रुंदीएवढी. ती गाळ्याच्या वरच्या भागात लिंटेलला ८ मिमीच्या प्लगनं (दुकानात गिट्टी म्हणतात) दर ४०० मिमीवर बसवा आणि ब्लाइंडचे ब्रॅकेट त्या लाकडात मारा. जुन्या सागात स्क्रू घट्ट धरतो. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर लाकूड चिरतं. ब्लाइंड २५ मिमी खाली येईल, एवढं धरून चाला.

थेट लिंटेलमध्ये बसवायचं तर हॅमर ड्रिल, ६ मिमीचं पातं, ४५-५० मिमी खोल भोक. गाळ्याच्या कडेपासून किमान ४० मिमी आत. प्लास्टर १२-१५ मिमी असतं, म्हणून एक इंची स्क्रू पुरत नाही. तो बहुतांशी प्लास्टरमध्येच राहतो आणि महिन्याभरात ब्रॅकेट लोंबतं. दोन इंची घ्या. ग्रॅनाइटमध्ये भोक पाडावंच लागलं तर हॅमर बंद करून, पाणी टाकत, सावकाश.

दोन्ही ब्रॅकेट लेव्हलला हवेत. रोलरचं कापड एका बाजूला सरकत असेल तर आधी लेव्हल तपासा. ती बरोबर असूनही कापड डावीकडे जात असेल, तर कापड पूर्ण सोडून नळीच्या उजव्या टोकाला मास्किंग टेपचा एक वेढा द्या. उजवीकडे जात असेल तर डाव्या टोकाला.

गाळा अरुंद झालाच, तर रोलर कापता येतो. साखळीच्या विरुद्ध टोकाचं बूच काढा, कापड नळीवरून सोडवा, नळी आणि खालची दांडी हॅकसॉनं कापा, कापड सपाट फरशीवर स्टीलची पट्टी ठेवून नव्या पात्यानं एकाच झटक्यात कापा. वरच्या आणि खालच्या रुंदीत दोन मिमीचा फरक पडला तरी कापड तिरकं गुंडाळतं. झेब्रा ब्लाइंडलाही हेच लागू, फक्त दोन थर एकत्र धरावे लागतात. व्हर्टिकलमधून एक पट्टी कमी करून वरची रेल कापली की झालं. खालची पाटली उंच आली असेल तर पट्ट्या तिच्यापासून १०-१५ मिमी वर राहतील अशा कापा. व्हेनेशियनच्या वाटेला जाऊ नका. चार फुटी ब्लाइंडमध्ये ५५-६० पट्ट्या असतात, दोऱ्यांची भोकं मध्यावर राहावीत म्हणून प्रत्येक पट्टी दोन्हीकडून सारखी कापावी लागते, आणि एवढं करून कडा खरखरीत दिसतात. दहा मिमीचा प्रश्न असेल तर तो भिंतीवर घेतलेला बरा.

घरात लहान मूल असेल तर साखळीचा लोंबणारा फास सोडू नका. क्लिपनं भिंतीला ताणून बसवा किंवा दीड मीटरच्या वर घ्या, आणि पलंग किंवा खुर्ची त्या खिडकीखाली ठेवू नका.

बसवून झाल्यावर ब्लाइंड पूर्ण खाली सोडा आणि तसाच ठेवून खिडकी दोन्हीकडे सरकवून पाहा, लॉक लावून-काढून पाहा, जाळी ओढून पाहा. कुठे कापड हललं तर तिथे पेन्सिलनं खूण करा. बहुतेक वेळा ब्रॅकेटमागे ५ मिमीची चकती टाकून ब्लाइंड पुढे घेतला की काम होतं. पहिला मोठा पाऊस झाला की खालची दांडी हातानं चाचपा; ओली लागली तर ट्रॅकची भोकं पुन्हा बघा.